डून लेरीच्या मजुराचा माग

प्रश्न : डून लेरी परिसरातल्या भूमिहीन मजूर पूर्वजाची माहिती कोणत्या कागदांत सापडते?

उत्तर : सुरुवात 1901 आणि 1911 च्या जनगणनेच्या घरनिहाय तक्त्यांपासून करावी. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते ऑनलाइन, विनामूल्य ठेवले आहेत. तेव्हा गावाचे नाव किंग्जटाउन होते. शोधही त्याच नावाने घ्यावा. तक्त्यांत वय, धर्म, व्यवसाय, अक्षरओळख आणि घराच्या दर्शनी खिडक्यांची संख्यासुद्धा मिळते. विवाहितेला मुले किती झाली आणि हयात किती, हे 1911 मध्ये विचारले गेले. गरीब घराबद्दल याहून बोलकी नोंद क्वचितच असेल.

वयावर मात्र भिस्त ठेवू नये. जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला 5 शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली आणि दोन जनगणनांमधल्या 10 वर्षांत कित्येकजण त्याहून बरेच जास्त म्हातारे झाले! सर्वांची जन्मनोंदणी 1864 पासूनची, तेव्हा वय खोडून काढणार कोण?

त्याआधीच्या काळासाठी राष्ट्रीय ग्रंथालयातली कॅथलिक चर्चची बाप्तिस्मा-विवाह पुस्तके पाहावीत. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये जळाले. 1817 मध्ये सुरू झालेल्या बंदराच्या कामावर, डॉकीच्या ग्रॅनाइटच्या खाणीवर बाहेरचे मजूरही आले होते; म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्याच पॅरिशमध्ये निघू शकतो. म्हातारपणी निराधार झालेल्याचे नाव लॉखलिन्सटाउनच्या रॅथडाउन वर्कहाउसच्या प्रवेशनोंदीत शोधावे.