पावतीची पडताळणी : ग्राहकाच्या हातातील साधन

भाजीच्या दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा ग्राहक मोठ्या भांडारात यंत्राने छापून दिलेली लांबलचक पावती मात्र न वाचताच पिशवीत टाकतो. यंत्र चुकत नाही, अशी त्याची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. यंत्राची बेरीज चुकत नाही. परंतु त्याला जो भाव सांगितला गेला असेल, त्याचीच ते बेरीज करते.

चूक कोठे होते ?

वेष्टनावरील काळ्या रेघांची पट्टी, म्हणजेच बारकोड, दुकानातील विक्रीच्या वेळी प्रथम वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी. किराणा मालाच्या वेष्टनावरील अशा पट्टीत सामान्यतः किंमत नसते, केवळ वस्तूचा क्रमांक असतो. त्या क्रमांकापुढे दुकानाच्या संगणकात जो दर नोंदला असेल, तोच पावतीवर उमटतो. फळीवरील दराची चिठ्ठी बहुधा निराळ्या हाताने बदलली जाते. सवलत सुरू होताना वा संपताना एका जागी नवा भाव व दुसऱ्या जागी जुना भाव राहतो आणि चूक घडते. एकच वस्तू दोनदा नोंदली जाणे, जाहीर केलेली सूट वजा न होणे, सुट्या धान्याला दुसऱ्याच वाणाचा क्रमांक लागणे, या नेहमीच्या चुका होत.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे तीस वस्तूंमागे एका वस्तूचा दर चुकीचा आढळला. यांपैकी काही चुका ग्राहकाच्या लाभाच्याही होत्या. म्हणजे प्रत्येक चुकीमागे लबाडी असतेच, असे नाही.

छापील किंमत आणि कर

भारतात वेष्टित वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. ही किंमत सर्व करांसह असते. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये तीहून अधिक आकारणी करता येत नाही. समजा, एका पुड्यावर ११८ रुपये छापले आहेत आणि पावतीत त्यावर पुन्हा १८ टक्के कर लावला, तर ग्राहकाकडून १३९ रुपये २४ पैसे घेतले जातील. यातील २१ रुपये २४ पैसे बेकायदेशीर ठरतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंवरील वस्तू व सेवा कराचे दर कमी झाले. जुन्या किमतीची वेष्टने तेव्हा दुकानांतून शिल्लक होती. अशा बदलाच्या काळात पावती डोळ्यांखालून घालणे विशेष अगत्याचे असते.

ग्राहकाने काय करावे ?

सामान घेताना सवलतीच्या वस्तूंचे भाव कागदावर टिपून ठेवावेत. दर नोंदले जात असताना पडद्याकडे लक्ष द्यावे. दुकान सोडण्यापूर्वी वस्तूंची संख्या, वजन, दर व सूट ही चार कलमे पावतीशी ताडून पाहावीत. तफावत आढळल्यास शांतपणे दाखवून द्यावी. गल्ल्यावरील कर्मचारी भाव ठरवीत नसतो. चूक आपल्या लाभाची असली तरीही ती सांगणे हा सचोटीचा भाग आहे.

पावती मागण्यास संकोच करू नये. २०० रुपयांपेक्षा कमी खरेदीवर व्यापारी कर-बीजक न देण्याची मुभा घेऊ शकतो. मात्र ग्राहकाने मागितल्यास ते द्यावे लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दाद कोठे मागावी ?

दुकानात निरसन न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. छापील किमतीहून अधिक आकारणीबाबत वैध मापनशास्त्र यंत्रणेकडे, तर भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते.

१९९९ मध्ये मथुरा रेल्वे स्थानकावर एका प्रवाशाकडून ७० रुपयांच्या तिकिटांसाठी ९० रुपये घेण्यात आले. त्याने चूक तेथेच दाखविली, पण पैसे परत मिळाले नाहीत. २०२२ मध्ये ग्राहक मंचाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. वीस रुपयांसाठी बावीस वर्षे झगडणे सर्वांना शक्य नाही. म्हणूनच खिडकीपाशीच चूक दुरुस्त करून देण्याची रीत रुजणे, हे अशा लढ्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

गावपातळीवरील काम

रास्तभाव दुकानातही हीच दृष्टी हवी. प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत दिले जाऊ लागले. तेथे तपासायचा तो भाव नव्हे, तर यंत्राच्या पावतीवरील वजन व प्रत्यक्ष हाती पडलेले वजन.

ग्रामपंचायतीच्या फलकावर १९१५ हा क्रमांक लिहिण्यास खर्च जवळजवळ नाही. शिक्षकांना घरच्या पावत्या गणिताच्या तासाला वापरता येतील. बेरीज, टक्केवारी आणि सूट शिकत असतानाच मूल पावती वाचू लागेल. मजुरीवर चालणाऱ्या घरात आठवड्याला वाचलेले वीस रुपयेही वर्षाअखेरीस हजारावर जातात.