लेख की जाहिरात?



नववीच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, एखादी वस्तू मला खरोखरच आवडली आणि कंपनीने पैसे दिले म्हणून मी इंटरनेटवर तिच्याबद्दल चांगले लिहिले, तर त्यात खोटे काय झाले?" प्रश्न चांगला होता. मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. ते राहिलेले उत्तर आज देत आहे.

जत्रेतला औषधवाला आपल्या आजी-आजोबांना आठवत असेल. तो बोलत असतानाच गर्दीतून एकजण पुढे येई, "माझी गुडघेदुखी याच तेलाने गेली" असे सांगे आणि दोन बाटल्या घेई. ते पाहून इतरांचे हात खिशाकडे जात. जत्रा पांगल्यावर तोच माणूस औषधवाल्याची पेटी उचलताना दिसे! औषधवाला स्वतःच्या तेलाची स्तुती करणारच, हे गिऱ्हाईक धरूनच चालते. फसवणूक होती ती दुसऱ्या माणसाच्या सोंगात. तो 'आपल्यातला एक' बनून उभा होता.

आता जत्रा मोबाईलवर भरते, पण पेटी उचलणारा माणूस तिथेही आहे. २०१३ साली तैवानमध्ये सॅमसंग कंपनीवर तेथील व्यापार आयोगाने १ कोटी तैवान डॉलरचा दंड बसवला. कंपनीसाठी भाडोत्री माणसे सामान्य ग्राहक असल्याचे भासवून इंटरनेटवर सॅमसंगच्या फोनची स्तुती आणि एचटीसी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या फोनची निंदा लिहीत होती. मुलांनो, या भाडोत्री माणसांमध्ये विद्यार्थीही होते.

हे दूरचे वाटत असेल, तर आपल्या भाषेच्या मुलखातले उदाहरण घेऊ. हुबळीच्या बाजाराला कापूस नवा नाही, तसा तो यवतमाळलाही नाही. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बीटी कापसाचे गुणगान करणारा पानभर मजकूर आला. या बियाण्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या दोन गावांत भरभराट आली, तेथे एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही, असे त्यात म्हटले होते. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर पुन्हा छापला गेला. या वेळी मात्र ती बियाणे कंपनीची, म्हणजे महिको-मोन्सॅन्टोची, पैसे देऊन केलेली प्रसिद्धी होती. तशी खूण पानावर होती, पण बारीक अक्षरात आणि गोलमोल शब्दांत. २००८ च्या वार्ताहरांच्या प्रवासाची सोयसुद्धा कंपनीनेच केली होती. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती भांबराजात गेली, तेव्हा गावकऱ्यांनी आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या असे खासदारांना सांगितले. पी. साईनाथ यांनी १० मे २०१२ रोजी 'हिंदू' दैनिकात हे सर्व प्रकरण मांडले.

कंपनीचे म्हणणे असे होते, की २००८ चा मजकूर वृत्तपत्राच्या संपादकीय विभागाचा होता, पैसे दिलेला नव्हता; २०११ मध्ये तो जसाच्या तसा जाहिरात म्हणून छापला. हे म्हणणे मान्य केले तरी माझी शंका फिटत नाही. बातमीचा पोशाख घातलेली जाहिरात वाचून बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याने कोणावर विश्वास ठेवला? बियाणे चांगले की वाईट, हा वेगळा वाद आहे. तो करण्यासाठीसुद्धा कोण बोलत आहे, हे आधी कळावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वस्तू खरोखर आवडली असेल, तर लिहिलेले वाक्य खरे असेल. पण ऐकणारा नुसते वाक्य तोलत नाही, बोलणाऱ्यालाही तोलतो, आणि त्यासाठी लागणारे वजन तुम्ही लपवले. शिवाय पुढच्या महिन्यात ती वस्तू बिघडली, तर तुम्ही तसे लिहाल का? पैसे देणारा स्तुतीबरोबर आपले मौनही विकत घेतो. त्या मुलीला हे त्याच दिवशी सांगायला हवे होते.

पालकांनाही यात थोडे सांगावेसे वाटते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात कोणी विचारते, "गणिताची शिकवणी कुठली चांगली?" एखादे पालक लगेच नाव सुचवतात. प्रत्येक नव्या मुलामागे त्यांना फीमध्ये सवलत मिळत असेल, तर ती घेण्यात काही गैर नाही. "मला सवलत मिळते" एवढे एक वाक्य मात्र जोडावे. ते न जोडल्यास पुढे त्या गटात निःस्वार्थपणे सांगणाऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

कायदा आता बराच पुढे आला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की पैसे, फुकट वस्तू, सहल, सवलत यांपैकी काहीही घेऊन शिफारस करणाऱ्याने ते ठळकपणे सांगितले पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत ज्या १३ फसव्या युक्त्यांना मनाई केली, त्यांत छुपी जाहिरात आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

विश्वस्त मंडळींना एक गोष्ट ठाऊक आहे, ती इतरांनाही कळावी. मागे एका शिकवणी संस्थेने आपल्या या पत्रिकेला पानभर मजकूर देऊ केला होता. रक्कम चांगली होती. ग्रंथालयाला दोन कपाटे सहज आली असती. अट एकच, मजकूर 'लेख' म्हणून छापायचा. वर 'जाहिरात' असा शब्द व भोवती चौकट टाकू, असे आम्ही कळवले. त्यांनी मजकूर परत घेतला. बैठकीत दोघा-तिघांना हे पटले नाही. एवढ्या एका शब्दासाठी कपाटे घालवली, असे ते म्हणाले, आणि त्यांचा राग मला समजतो. पुस्तके अजून जुन्याच मांडणीवर आहेत. रिकाम्या राहिलेल्या त्या पानावर सहावीच्या मुलांनी काढलेली उणकल तलावाची चित्रे छापली.