काळं पडलेलं नख

साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसीत थ्री-नॉट-थ्री चालवली होती. त्यामुळे रायफल हा काही आपल्याला नवा प्रकार नाही, अशी माझी पक्की समजूत. पुढे अमेरिकेत, ओहायोत स्थिरावलो, नागरिकत्व मिळालं आणि पन्नाशीत हौस म्हणून एम-वन गॅरंड घेतली. तेव्हा हीच समजूत मला नडली.

गॅरंड ही दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पायदळाची अर्धस्वयंचलित रायफल. जॉन गॅरंड यांनी ती स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात घडवली आणि 1936 साली सैन्याने ती स्वीकारली. वजन सव्वाचार किलोच्या पुढे. आठ काडतुसं पोलादी क्लिपसकट वरून आत दाबायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप ‘टिंग’ करत उसळून बाहेर पडते. त्या एका आवाजावर मी भाळलो.

पहिला प्रसाद घरीच मिळाला. जेवणाच्या टेबलावर सफाई चालली होती. रायफल रिकामी, बोल्ट मागे अडकलेला. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट आपण ढकलला तरच पुढे जातो. गॅरंडचा बोल्ट मात्र ताणलेल्या स्प्रिंगवर टपून बसलेला असतो. आतल्या फॉलोअरवर, म्हणजे काडतुसं वर ढकलणाऱ्या पट्टीवर, मी अंगठा दाबला आणि खाडकन बोल्ट सुटला. बायको धावत येईपर्यंत नख काळंनिळं झालं होतं. इथे या जखमेला ‘गॅरंड थंब’ असं नावच आहे, हे मला नंतर कळलं. योग्य रीत अशी: उजव्या तळहाताच्या कडेने, बोल्ट मागेपुढे नेणाऱ्या ऑपरेटिंग रॉडची मूठ मागे रेटून धरा, अंगठ्याने फॉलोअर दाबा, बोल्ट किंचित पुढे येऊ द्या, अंगठा बाहेर काढा आणि मगच मूठ सोडा.

दुसरी चूक खिशाला भोवली. गॅरंडला थर्टी-ऑट-सिक्स मापाची काडतुसं लागतात. दुकानदार म्हणाला, “थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स, कुठलंही चालेल.” मी शिकारीची जड, 180 ग्रेनची काडतुसं उचलली. ती चेंबरमध्ये बसतात, उडतातही. पण गॅरंडची यंत्रणा चालते ती नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून येणाऱ्या वायूवर. अशा जड काडतुसांतल्या सावकाश जळणाऱ्या दारूचा दाब तिथपर्यंत पोचतो तेव्हाही जास्तच असतो आणि लांब, वाकड्या घडणीचा ऑपरेटिंग रॉड हा मार सोसू शकत नाही. माझा रॉड वाकला. तेव्हापासून मी 150 ग्रेनची, गॅरंडसाठी म्हणून खास बनवलेली काडतुसंच वापरतो. शिकारीची काडतुसं वापरायचीच असतील तर दाब कमी करणारा गॅस प्लग बसवून घ्यावा.

तिसऱ्या चुकीची मात्र लाज वाटते. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी लष्करी काडतुसं आणली. 1950च्या आधीच्या अशा बहुतेक काडतुसांच्या ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमधून बॅरलमध्ये क्षार उरतो आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. मी नुसता तेलाचा बोळा फिरवून रायफल कपाटात ठेवली. तेलात क्षार विरघळत नाही. पंधरवड्याने उजेडात धरून पाहिलं तर बॅरलमध्ये तांबूस थर! आणि तेव्हा एनसीसी कॅम्पवरचे आमचे हवालदार आठवले. फायरिंग झालं की उकळतं पाणी बॅरलमधून ओतायला लावायचे, मग पुलथ्रूच्या दोरीने चिंधी ओढायची, तेल सगळ्यात शेवटी. तेव्हा आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो.

जुनी लष्करी रायफल घेणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. पहिली गोळी झाडण्याआधी जाणत्या कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाला बोल्टपर्यंत मिळणारी जागा, मोजून घ्या. इतक्या वर्षांत कोणाचा बोल्ट कोणाच्या रायफलीत गेला असेल, सांगता येत नाही. एकच काडतूस थेट चेंबरमध्ये ठेवून बोल्ट सोडू नका; गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते, ट्रिगर न दाबताही गोळी सुटू शकते. सरकणाऱ्या भागांना तेलापेक्षा ग्रीस लावा. कानांवर संरक्षण, डोळ्यांवर चष्मा आणि घरी कुलूपबंद कपाट, यात हयगय नको.

आणि मुख्य म्हणजे रायफलीचं जुनं लष्करी मॅन्युअल आधी वाचा. माझ्याकडे ते पहिल्या दिवसापासून होतं. मी ते उघडलं नख काळं पडल्यावर.