जुन्या मालमोटारीचे कष्टाने चालू होणे व मंद गतीतील अडखळणे

ज्या शेतकरी बंधूंपाशी स्वतःची मालमोटार आहे, त्यांस बाजार गाठण्याकरिता दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. परंतु गाडी जुनी झाली म्हणजे पहाटेच्या गारठ्यात ती लवकर चालू होत नाही, व झालीच तर जागच्या जागी थरथरते. रात्री भरून ठेवलेली भाजी लिलावाची वेळ चुकल्यामुळे पडत्या भावाने विकावी लागते. अशा वेळी घाईघाईने डिझेल पंप उतरविण्यात येतो, आणि पुष्कळदा हा मोठा खर्च व्यर्थ जातो. कारण दोष पंपात नसून त्याच्या अलीकडे असतो. म्हणून दोष शोधण्याचा एक सोपा क्रम येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

हे विवेचन यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांपुरतेच समजावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत इंधनाचे नियमन विजेच्या यंत्रणेने होते व नळ्यांतील दाब फार मोठा असतो. त्यांच्या नळ्या घरी कदापि सैल करू नयेत.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेस जोराने दाबतो, त्यायोगे ती ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापते, आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. यावरून तीन गोष्टी आवश्यक ठरतात : एंजिन पुरेशा वेगाने फिरणे, डिझेल हवेच्या बुडबुड्यांवाचून पोचणे, आणि हवा पुरेशी दाबली जाणे. तपासही याच क्रमाने करावा. कारण पहिल्या गोष्टीस खर्च थोडा व शेवटचीस फार.

पहिली तपासणी – बॅटरी. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जड फिरत आहे असे समजावे. सेल्फ मारल्यानंतर बॅटरीची टोके हाताने चाचपावी. एखादे टोक गरम लागले, तर तेथील जोड सैल किंवा मळलेला आहे. टोके घासून आवळावी. एंजिनापासून चासीस जाणारी अर्थची पट्टीही साफ करावी. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये मिनिटभर विसावा द्यावा.

दुसरी तपासणी – धूर. एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच न आल्यास डिझेल पोचत नाही. पांढरा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर आल्यास डिझेल पोचते, पण पेटत नाही. तेव्हा दोष गारठा, कमी दाब किंवा पंपाचे टायमिंग यांत शोधावा. ज्या गाडीस ग्लो प्लग आहेत, तेथे ते तापतात की नाही हे प्रथम पाहावे.

तिसरी तपासणी – एअर. सकाळी पहिल्यांदा त्रास, मग दिवसभर गाडी ठीक, हे एअर धरल्याचे मुख्य लक्षण होय. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत बारीक छिद्र असले, तर रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरते. ही गळती डोळ्यांस दिसत नाही. कारण एंजिन चालू असता तेथून डिझेल बाहेर न येता हवाच आत ओढली जाते. परीक्षा सोपी आहे. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी हातपंप मारावा, फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व स्क्रू आवळावा. मग गाडी झटकन चालू झाली, तर डिझेल पंपास हात लावू नये. रबरी नळ्या, जोडांचे वायसर व फिल्टरचे सील बदलावे, आणि फिल्टरच्या तळाचे पाणी काढून टाकावे.

मंद गतीतील अडखळणे. एंजिन मंद चालू ठेवून प्रत्येक इंजेक्टरच्या नळीचा नट पाळीपाळीने किंचित सैल करावा व पुन्हा आवळावा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल करताच एंजिन पडू लागते. ज्याचा नट सैल करूनही चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. मग एंजिन बंद करून त्याचा इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी बदलून लावावा. खालचे वायसर मात्र नवे घालावे. दोष इंजेक्टरबरोबर गेला, तर केवळ नोझल दुरुस्त करावे. दोष जागीच राहिला, तर टॅपेटचे अंतर तपासावे, व त्यानंतर मिस्त्रीकडून दाब मोजून घ्यावा. सर्व सिलिंडर सारखे काम करीत असूनही गाडी हादरत असेल, तर एंजिनाखालील रबरे पाहावी. ऑइल भरण्याच्या तोंडातून धुराचे झोत येत असतील, तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. तेव्हाच एंजिन उघडण्याचा विचार करावा.

दोन सूचना अवश्य ध्यानात ठेवाव्या. नट सैल करताना हात व डोळे दूर ठेवावे. दाबाखालील डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, व जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे लागते. तसेच पेटती चिंधी हवेच्या तोंडाशी धरण्याची जी चाल आहे, ती सोडावी. तिने फिल्टर पेटतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

तात्पर्य, मिस्त्रीकडे गाडी नेण्यापूर्वी धुराचा रंग, हातपंपाचा परिणाम व अडखळणाऱ्या सिलिंडरचा क्रमांक या तीन गोष्टी कागदावर टिपून न्याव्या. जो मालक एवढे सांगू शकतो, त्याची गाडी विनाकारण उघडली जात नाही. पिकावरील रोग ओळखल्यावाचून आपण औषध फवारीत नाही; तोच न्याय एंजिनासही लावावा.