मुंबईचे पाणी आणि गावची हवा

पाचाड परिसरातील वाड्यांतून पूर्वी अनेक माणसे पोटासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली. आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि कित्येक जण गावी परतले. आज ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

आजाराविषयी या वृद्धांचे स्वतःचे असे एक शास्त्र आहे. परक्या ठिकाणचे पाणी बाधते, वारे लागते, उष्ण-थंड खाण्याने प्रकृती बिघडते. मुंबईत राहून ग्रामदेवतेचा मान चुकला, तरी दुखणे मागे लागते. म्हणून प्रथम काढा व पथ्य, मग नारळ-अंगारा आणि शेवटी डॉक्टर. त्याने सुई टोचली नाही, तर औषध झाले असे वाटतच नाही.

याला केवळ अडाणीपणा म्हणून हसणे योग्य नव्हे. 'मुंबईत दम लागायचा, गावी आलो की बरे वाटायचे,' असे जुने गिरणी कामगार सांगतात. त्यात तथ्य आहे. कापूस पिंजण्याच्या व कांतण्याच्या खात्यांतील धुळीने 'बिसिनोसिस' हा फुप्फुसाचा रोग होतो. आरंभी साप्ताहिक सुटीनंतर कामावर जाताच छाती आवळते. धुळीपासून दूर गेले की उतार पडतो. म्हणजे अनुभव खरा होता, कारण मात्र चुकले. दोष पाण्याचा नव्हता, कापसाच्या धुळीचा होता.

या चुकीची किंमत मोठी होती. वर्षानुवर्षे धूळ छातीत गेली, की फुप्फुस कायमचे निकामी होऊ लागते; विडीने त्यात भरच पडते. मग गावची हवाही उपयोगी पडत नाही. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. परंतु ज्याने आपले दुखणे पाण्यावर किंवा देवावर घातले, तो भरपाई कशी मागणार?

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आपल्यापैकी अनेकांची स्थिती अशीच असेल. आजोबांना महाडला दवाखान्यात नेताना एवढे करावे : त्यांनी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि डॉक्टरांचे म्हणणे आजोबांना त्यांच्या शब्दांत समजावून द्यावे. देवाला नारळ खुशाल द्यावा. पण छाती तपासून घेण्याचे पुढे ढकलू नये.