पाठीवरचा गरुड

जहाज योकोहामाला लागलं आणि सुट्टी मिळाली की मी योकोसुका गाठायचो. १९४५ नंतर तिथल्या आरमारी तळावर अमेरिकन फौज आली. घरी न्यायची आठवण म्हणून सैनिक आणि खलाशी पाठीवर गरुड, वाघ, ड्रॅगन भरलेली चकचकीत जॅकेटं घेऊ लागले. तीच सुकाजान. दोबुइता गल्लीतल्या दुकानांत ती आजही टांगलेली असतात. जुनी जॅकेटं हाताळताना जे उमगलं, ते सांगतो.

१. आधी गरुडाचे दोन्ही पंख ताडून बघा. तंतोतंत सारखे निघाले, तर काम बहुधा कॉम्प्युटरचं. जुनं भरतकाम बरंचसं किर्यूचं. हे रेशमाचं गाव. किमोनोवर भरणारे कसबी हात तिथे होतेच. त्यांच्या योकोबुरी मशीनची सुई आडवी झुलते. कापड दाबून धरायला काही नाही, पुढे सरकवायला दाते नाहीत. कापड दोन्ही हातांनी फिरवायचं आणि उजव्या गुडघ्याने दांडी दाबत टाक्याची रुंदी राखायची. एका वयस्कर कारागिराला मी पिसं भरताना पाहिलं. पीस टोकाला दोऱ्याएवढं बारीक, मध्ये भरदार, पुन्हा निमुळतं. तो सगळा चढउतार गुडघ्याचा. तेव्हापासून या जॅकेटांना कुणी ‘टुरिस्टांचा स्वस्त माल’ म्हटलं की मला राग येतो.

२. ‘पॅराशूटचं रेशीम आहे’ म्हणून कुणी भाव चढवला तर देऊ नका. युद्धानंतर रेशीम सहज मिळत नव्हतं. बहुतेक जुनी जॅकेटं अ‍ॅसिटेटची.

३. म्हणूनच डागावर नेलपॉलिश रिमूव्हर कधीही लावू नये. त्यातल्या अ‍ॅसिटोनने अ‍ॅसिटेट विरघळतं. या कापडाचा निळा रंग धुरातल्या वायूंनीही जांभळट होत जातो, तेव्हा स्वयंपाकघराशेजारचं कपाट नको. भरतकामाचं वजन कापडाला ओढतं, त्यामुळे हँगरला टांगू नये. आडवं ठेवून घडीत धुतलेली मलमल घालावी.

४. संग्राहक कोरं जॅकेट शोधतात. मी मात्र जहाजाचं नाव, बंदर, साल भरून घेतलेलं आधी उचलतो. कुणीतरी दुकानदारासमोर उभं राहून ती अक्षरं सांगितलेली असतात. भरणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, ही मला मोठी उणीव वाटते.

५. अस्तर उसवलं असेल तर शिवायची घाई करू नका. आत बॅटरीचा उजेड टाकून भरतकामाची मागची बाजू बघा. तिला ऊन लागलेलं नसतं. मूळ रंग तिथे दिसतात. आधी फोटो काढा, मग शिवा.