बाप्तिस्मा आणि आपले जुने नाव

वाचन : प्रेषितांची कृत्ये 4:36, 37, रोमकरांस पत्र 16:1, 2, 1 तीमथ्य 2:5

बेटेगावाकडील एका घरी तरुण मुलाच्या बाप्तिस्म्याची तयारी चालली असता त्याची आजी डोळ्यांस पदर लावून म्हणाली, "पाद्रीबाबा, पोरगा तुमच्या देवाचा होवो, पण सोमा हे नाव पुसू नका. ते त्याच्या आज्याचे आहे." प्रिय वाचकहो, तिला काय उत्तर द्यावे?

ह्या भागातील वारली बंधूंमध्ये जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या. सोम म्हणजे चंद्र. म्हणून हे नाव ख्रिस्ती माणसास शोभत नाही, असे कित्येकांस वाटते. परंतु फिबी बहिणीचा विचार करा. फिबी म्हणजे तेजस्वी; ग्रीक लोक आपल्या चंद्रदेवतेसही ह्याच नावाने संबोधीत. तरी पौलाने ते नाव बदलविले नाही. त्याच नावाने त्याने तिची रोम येथील मंडळीस शिफारस केली, कारण ती पुष्कळांच्या उपयोगी पडली होती.

आपल्या दक्षिणेस वसई आहे. तेथे पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा घेणाऱ्यांस साधूंची नावे व पोर्तुगीज आडनावे मिळाली. ज्या साधूचे नाव, तो त्या मुलाचा आश्रयदाता, असे रोमन मंडळीत मानितात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकी येथे ख्रिस्तासाठी वधस्तंभावर मरण पावले. 1862 साली रोमन मंडळीने त्यांस संत ठरविले. त्यांच्या धैर्याचा आपणही आदर करावा. तथापि आपली प्रार्थना पित्याजवळ नेण्यास ख्रिस्त एकटा पुरा आहे. दुसऱ्या आश्रयदात्याची आपणांस गरज नाही.

मग नावाच्या अर्थास काहीच मोल नाही काय? आहे, पण तो अर्थ आचरणाने भरावा लागतो. यहूदा म्हणजे स्तुती. तरी ते नाव धारण करणाऱ्या इस्कर्योताने प्रभूस धरून दिले. उलट योसेफ नावाच्या लेव्याने शेत विकून पैसा प्रेषितांच्या चरणी ठेविला. त्यास प्रेषितांनी बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, म्हटले, आणि तो तसाच वागला.

आपल्या महाराष्ट्रात नारायण वामन टिळक ह्यांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नारायण आणि वामन ही दोन्ही विष्णूची नावे. ती त्यांनी टाकिली नाहीत. त्यांची ख्रिस्ती भजने आजही मंडळ्यांत गाइली जातात.

कोणी आनंदाने नवे नाव घेईल तर अवश्य घ्यावे. उपदेशकाने त्याचा अर्थ समजावून सांगावा. परंतु कोणावर सक्ती करू नये, आणि घरच्या वडील माणसांचे मन विनाकारण दुखवू नये. बाप्तिस्मा जुना स्वभाव टाकण्यास सांगतो, आज्याची आठवण टाकण्यास नव्हे.

सोमाचा बाप्तिस्मा सोमा ह्याच नावाने झाला. त्या दिवशी आजी प्रथमच उपासनेस आली.

मननार्थ प्रश्न : माझ्या नावाचा अर्थ काय? माझे नाव उच्चारले असता शेजाऱ्यांस कोणत्या गोष्टीची आठवण होते?